रॅम भरलेली का दिसते? पेज कॅश समजून घ्या, मोजा आणि मगच हात लावा

नवा सर्व्हर लावून आठवडा झाला की एक फोन ठरलेला असतो. “दादा, १६ जीबी रॅम घेतली होती ना आपण? इथे तर ३०० एमबीच शिल्लक दाखवतंय. कुठे गळतेय का?” विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ‘फ्री’ नावाच्या रकान्यात ३०० एमबी दिसलं तर कुणालाही असंच वाटेल. मला काळजी वाटते ती पुढच्या पावलाची. कुणी घाईघाईने आणखी रॅम मागवतं. कुणी कुठूनतरी मिळालेली ‘रॅम साफ करा’वाली आज्ञा दर तासाला चालेल अशी लावून देतं, आणि छान चाललेलं मशीन स्वतःच्या हाताने संथ करून ठेवतं.

ती रॅम गळालेली नसते, कामाला लागलेली असते. डिस्कवरून एकदा वाचलेली माहिती ऑपरेटिंग सिस्टिम तिथे जपून ठेवते, कारण तीच पुन्हा लागण्याची शक्यता मोठी असते. ही साठवण म्हणजे पेज कॅश. ती कशी ओळखायची, कशी मोजायची आणि खरी टंचाई कधी समजायची, हे इथे एकेक पायरीने करून बघू. लेख लिनक्स धरून आहे. विंडोज आणि मॅकचं शेवटी थोडक्यात. आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाकायची.

आधी वेगाचा हिशेब

साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला साधारण ८ मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली माहिती वाचताना प्रत्येक वेळी १२ मिलिसेकंदांच्या आसपास. रॅममध्ये तेवढंच काम साधारण १०० नॅनोसेकंदांत होतं. फरक १ लाख २० हजार पटींचा.

हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून मी ते नेहमी असे सांगतो: रॅममधून वस्तू आणायला १ सेकंद लागला असं धरा, तर हार्ड डिस्कवरून आणायला ३३ तास लागतील. एसएसडी खूपच बरी, तिला १७ मिनिटं धरा. पण १ सेकंद आणि १७ मिनिटं हासुद्धा लहान फरक नाही. म्हणूनच एसएसडी आल्या तरी पेज कॅशचं महत्त्व कमी झालेलं नाही.

स्वयंपाकघरात हे आपण रोज करतो. मिसळणाचा डबा ओट्यावर असतो, वर्षाचं तिखट माळ्यावर. ओट्यावर जागा असताना हळद वापरून झाली की लगेच माळ्यावर नेऊन ठेवणारं कुणी नसतं. पोळ्या लाटायला जागा लागली तर डबा बाजूला सरकवायला क्षणही लागत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अगदी हेच करतं. रॅम ते ४ केबीच्या पानांमध्ये वाटतं. फाईल वाचली की तिची पानं रॅममध्ये येतात आणि प्रोग्रॅम बंद झाला तरी तिथेच राहतात. एखाद्या प्रोग्रॅमला मेमरी हवी झाली की त्यातली काही पानं सोडून दिली जातात. बदल न झालेलं पान सोडताना कुठे काही लिहावं लागत नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच. म्हणून ही जागा ‘वापरात’ही आहे आणि ‘मोकळी’ही.

पायरी पहिली : ‘फ्री’ची ओळ नीट वाचा

टर्मिनल उघडा आणि ‘फ्री -एच’ ही आज्ञा द्या. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर आत्ता असे आकडे आहेत: टोटल ७.६, यूज्ड २.६, फ्री ०.३, शेअर्ड ०.२, बफ/कॅश ५.२ आणि शेवटच्या रकान्यात अव्हेलेबल ५.०. सगळे जीबीमध्ये.

बघायचा आकडा शेवटचा, अव्हेलेबल. नव्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली तर स्वॅपला (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या राखीव जागेला) हात न लावता किती देता येईल, याचा कर्नलने स्वतः बांधलेला तो अंदाज आहे. ‘फ्री’ म्हणजे ज्या पानांत या क्षणी काहीच ठेवलेलं नाही तेवढीच जागा. चांगल्या चालणाऱ्या मशीनवर ती कमीच असायला हवी. महिनाभर चालू असलेल्या सर्व्हरवर ‘फ्री’ भरपूर दिसली तर मला उलट प्रश्न पडतो की इथे कुणी कॅश पुसतंय का, की या मशीनला कामच नाही?

इथे दोन गोष्टींवर लोक अडखळतात. एक म्हणजे बेरीज. यूज्ड, फ्री आणि बफ/कॅश मिळून ८.१ होतात, टोटल मात्र ७.६. ‘फ्री’च्या नव्या आवृत्त्या टोटलमधून अव्हेलेबल वजा करून यूज्ड काढतात, म्हणून ही बेरीज जुळत नाही. त्यात काही बिघडलेलं नाही. दुसरं, फ्री आणि बफ/कॅश मिळून ५.५ होतात, मग अव्हेलेबल ५.०च का? कारण कॅशमधलं सगळंच सोडता येत नाही. शेअर्ड मेमरी आणि टीएमपीएफएसमधल्या (रॅममध्येच राहणाऱ्या फोल्डरमधल्या) फायली याच रकान्यात मोजल्या जातात, पण त्यांची प्रत डिस्कवर नसते. त्या सोडल्या तर माहितीच गेली. शिवाय कर्नल थोडी कॅश स्वतःच्या सुरळीत कामासाठी राखून धरतं. पूर्वी लोक हातानेच फ्री आणि कॅश यांची बेरीज करून समाधान मानायचे आणि फसायचे. २०१४ साली ३.१४ कर्नलमध्ये अव्हेलेबलचा आकडा आला तेव्हापासून तो खटाटोप संपला.

बफर आणि कॅश असे दोन शब्द का, असंही विचारलं जातं. एके काळी ते दोन वेगळे साठे होते आणि तीच माहिती दोन्हीकडे पडून राहायची. २००१ सालच्या २.४ कर्नलपासून ते एकत्र झाले. आज बफर म्हणजे मुख्यतः डिस्कच्या स्वतःच्या मांडणीची माहिती. आकडा लहान असतो, त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

पायरी दुसरी : कॅश काम करताना स्वतः बघा

हा प्रयोग करून बघाच. वाचून पटणं वेगळं आणि घड्याळ लावून बघणं वेगळं. मात्र तो आपल्या लॅपटॉपवर करा, लोक काम करत असलेल्या सर्व्हरवर नको.

आधी आपल्या होम फोल्डरमध्ये १ जीबीची फाईल बनवा. त्यासाठी ‘डीडी’ वापरा: इनपुट /डेव्ह/युरँडम, ब्लॉक १ एमबीचा, काउंट १०२४. टेम्प फोल्डर टाळा, काही लिनक्समध्ये ते रॅममध्येच असतं आणि प्रयोगच फसतो.

आता लगेच ही फाईल वाचू नका. नुकतंच लिहिलेलं सगळं कॅशमध्येच बसलेलं असतं, त्यामुळे ‘पहिलं’ वाचनही झटकन होईल आणि तुम्ही म्हणाल की फरक कुठे पडतोय? म्हणून आधी ‘सिंक’ द्या, म्हणजे लिहायचं राहिलेलं डिस्कवर जाईल. मग ‘सुडो सिसकंट्रोल व्हीएम.ड्रॉप_कॅशेस=३’ द्या, म्हणजे कॅश रिकामी होईल (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने). यातल्या सिसकंट्रोलचं खरं स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल. बरेच जण इथे एको आणि बाणाचं चिन्ह (>) वापरतात आणि सुडो लावूनही परवानगी नाकारली जाते, कारण बाणाचं काम सुडो करत नाही, तुमचा साधा शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, करतो. सिसकंट्रोल वापरलं की ती अडचण येत नाही.

आता ‘टाइम कॅट’ देऊन फाईल वाचा आणि बाणाने /डेव्ह/नलकडे, म्हणजे टाकून देण्याच्या जागी, पाठवा. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा साधारण १० सेकंद लागले. वरचा बाण दाबून तीच आज्ञा पुन्हा दिली, ०.२ सेकंद. डिस्कचा दिवा दुसऱ्या वेळी लुकलुकलाही नाही. पुन्हा ‘फ्री -एच’ बघा: बफ/कॅश १ जीबीने वाढलेला, फ्री तेवढाच घटलेला, अव्हेलेबल जवळजवळ जागच्या जागी.

आणखी खोलात जायचं असेल तर ‘फिनकोअर’ नावाची आज्ञा आहे, युटिल-लिनक्स या संचातली. तिला फाईलचं नाव दिलं की त्या फाईलची किती पानं आत्ता रॅममध्ये आहेत ते ती सांगते. आपल्या १ जीबीच्या फाईलसाठी २,६२,१४४ पानं दिसतील, म्हणजे पूर्ण फाईल आत. मोठी फाईल अर्धवट वाचून थांबवा आणि मग बघा, तेवढाच भाग आत सापडेल. खरं तर थोडा जास्तच, कारण सलग वाचन चाललंय हे ओळखून कर्नल पुढचा भाग न मागता आणून ठेवतं. बहुतेक ठिकाणी ही आगाऊ उचल १२८ केबीची असते.

कुणाला ठेवायचं, कुणाला घालवायचं

रॅम भरत आली की कुठली पानं सोडायची हे कर्नलला ठरवावं लागतं. अनेक वर्षं यासाठी दोन याद्या चालत आल्या आहेत, सक्रिय आणि निष्क्रिय. नवं पान आधी निष्क्रिय यादीत बसतं, पुन्हा वापरलं गेलं तर सक्रिय यादीत चढतं. रात्रीच्या बॅकअपने अख्खी डिस्क एकदा वाचली तरी दिवसभर लागणाऱ्या फायली त्यामुळे बऱ्याच अंशी टिकतात, कारण बॅकअपची पानं एकदाच वापरली गेली आणि ती निष्क्रिय यादीतूनच बाहेर पडतात. २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये दोनाऐवजी अनेक पिढ्यांची यादी ठेवणारी नवी पद्धतही आली.

यातला एक भाग फार कमी लोकांना माहीत असतो, आणि तो माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. चालू प्रोग्रॅमचा कोडसुद्धा पेज कॅशमध्येच असतो. ब्राउझर ही शेवटी डिस्कवरची एक फाईलच. स्वॅप पूर्ण बंद केलेल्या मशीनवर मेमरी संपत आली की प्रोग्रॅमचा डेटा कुठे हलवता येत नाही. मग कर्नलच्या हाताशी सोडण्यासारखी फक्त फायलींची पानं उरतात आणि त्यात तुमच्या चालू प्रोग्रॅमचा कोडही जातो. पुढच्या क्षणी तोच कोड लागतो, डिस्कवरून परत येतो, पुन्हा जातो. माऊस हलत नाही, डिस्कचा दिवा मात्र अखंड जळतो. ‘स्वॅप बंद केला तरी मशीन का अडकलं?’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. म्हणून २–४ जीबी का होईना, स्वॅप ठेवा. कर्नलने स्वॅपकडे किती कल ठेवायचा हे सांगणारा ‘स्वॅपिनेस’ हा आकडा मुळात ६० असतो. मोजमाप न करता तो बदलून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पायरी तिसरी : लिहिताना मात्र सावध

वाचण्याच्या कॅशने नुकसान होत नाही. लिहिण्याची गोष्ट वेगळी. फाईल सेव्ह केली की ती आधी रॅममधल्या पानांत लिहिली जाते आणि प्रोग्रॅमला ‘झालं’ असं लगेच सांगितलं जातं. अशा पानांना डर्टी म्हणतात, कारण रॅममधली प्रत नवी आणि डिस्कवरची जुनी असते. कर्नलचे धागे (मागे चालणारी कामं) साधारण दर ५ सेकंदांनी उठतात आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पानं डिस्कवर उतरवतात. उपलब्ध मेमरीच्या १० टक्के पानं डर्टी झाली की मागच्या मागे लिहिणं सुरू होतं. २० टक्क्यांना पोहोचली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवलं जातं.

आता हा हिशेब पेनड्राइव्हला लावा. १६ जीबीच्या मशीनवर २० टक्के म्हणजे ३ जीबीच्या आसपास. स्वस्तातल्या पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ८ एमबी धरला तर ३ जीबी उतरायला ६ मिनिटांहून जास्त लागतात. पडद्यावरची पट्टी मात्र अर्ध्या मिनिटात १०० टक्के झालेली असते. लग्नपत्रिकेची फाईल घेऊन प्रेसमध्ये गेलेले आमच्या ओळखीतले काका असेच हात हलवत परत आले होते. घरून निघताना कॉपी ‘पूर्ण’ झाली होती, तिथे फाईल उघडली तर निम्म्याच्या पुढे काहीच नाही. पेनड्राइव्ह चांगला होता. तो पट्टी भरताक्षणी उपसला गेला होता.

हे बघायचं असेल तर एका खिडकीत ‘वॉच’ लावून /प्रॉक/मेमइन्फोमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ (आत्ता डिस्कवर लिहिली जात असलेली पानं) या दोन ओळी दर सेकंदाला दाखवत ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाईल कॉपी करा. डर्टी चढत जातो, मग राइटबॅकमधून निघत निघत सावकाश खाली येतो. तो उतरेपर्यंत थांबायचं. रोजच्या वापरात याचा अर्थ एकच: ‘इजेक्ट’ दाबा आणि काढायला हरकत नाही असं येईपर्यंत हात लावू नका, किंवा ‘सिंक’ देऊन प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा.

असं काम रोजचं असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे, तर मर्यादा टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये द्या. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्सला ६७१०८८६४ म्हणजे ६४ एमबी, व्हीएम.डर्टी_बाइट्सला २६८४३५४५६ म्हणजे २५६ एमबी. हे /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मधल्या एका फाईलमध्ये लिहिलं की मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही टिकतं. पट्टी हळू सरकेल, पण खरं बोलेल.

वीज जाण्याचाही इथे संबंध आहे. दिवा गेला त्या क्षणी डर्टी असलेलं सगळं जातं. डेटाबेस यासाठीच प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीनंतर ‘एफसिंक’ करून डिस्ककडून होकार घेतो. तो पर्याय ‘वेग वाढतो’ म्हणून बंद करायला कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

कॅश पुसण्याची सवय

एका पतसंस्थेत मला बोलावलं होतं. तक्रार अशी की दर तासाला मशीन काही मिनिटं संथ होतं. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “अकराला बघा, बाराला बघा, पासबुक प्रिंटला लावलं की चक्र फिरतच राहतं. मागे रांग वाढते.” घड्याळाच्या ठोक्याला होणारी गोष्ट म्हटल्यावर मी आधी ‘क्रॉनटॅब -एल’, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, बघितली. तिथे एक ओळ होती: दर तासाच्या शून्याव्या मिनिटाला ड्रॉप_कॅशेस ३. कुणीतरी चांगल्या हेतूने, ‘रॅम मोकळी राहावी’ म्हणून लावलेली. दर तासाला खातेदारांच्या नोंदींची पानं रॅममधून पुसली जात होती आणि ताईंच्या पुढच्या प्रत्येक क्लिकला ती हार्ड डिस्कवरून नव्याने येत होती. मी ती ओळ काढली आणि आम्ही साडेबारापर्यंत थांबलो. बाराचा टोल झाला, रांग सरकत राहिली.

ड्रॉप_कॅशेस ही सोय २००६ पासून कर्नलमध्ये आहे, ती मोजमाप आणि चाचणीसाठी. आपण वर केला तसल्या प्रयोगापलीकडे तिचा उपयोग नाही. ती डर्टी पानांना हात लावत नाही, त्यामुळे माहिती जात नाही, पण वेग जातो.

पायरी चौथी : खरी टंचाई कशी ओळखायची

रॅम खरंच कमी पडतेय का, हे ठरवताना मी चार ठिकाणी बघतो, याच क्रमाने.

अव्हेलेबल. तो दिवसाच्या गर्दीच्या वेळी टोटलच्या १० टक्क्यांखाली जाऊन तिथेच राहत असेल तर पुढे बघायचं, नाहीतर इथेच थांबायचं. १० हा माझा अनुभवाचा आकडा आहे, कर्नलचा नियम नव्हे.

मग ‘व्हीएमस्टॅट १’ लावून मिनिटभर एसआय आणि एसओ हे रकाने बघा. ते स्वॅपमधून आत येणारं आणि स्वॅपमध्ये बाहेर जाणारं सांगतात. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. मधूनच एखादा आकडा चमकून गेला तर काही नाही. दोन्ही सतत हलत असतील तर मशीन धापा टाकतंय. स्वॅपमध्ये नुसतं काही पडून आहे, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

तिसरं /प्रॉक/प्रेशर/मेमरी. २०१८ च्या ४.२० कर्नलपासून हे मिळतं. मेमरीची वाट बघण्यात कामांचा किती टक्के वेळ गेला, ते यात १० सेकंद, ६० सेकंद आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत दिसतं. ‘फुल’च्या ओळीत, म्हणजे सगळीच कामं एकदम अडकली त्या वेळेत, शून्याच्या वर काही टिकून राहिलं तर रॅम वाढवण्याचा विचार रास्त आहे.

आणि ‘डीमेसेज’च्या (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी), म्हणजे कर्नलच्या, नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. ती सापडली तर कर्नलने एखादा प्रोग्रॅम मारलेला आहे.

डेटाबेस आणि कंटेनर

पोस्टग्रेस हा डेटाबेस स्वतःची कॅश ठेवतो आणि वर पेज कॅशवरही भिस्त ठेवतो. म्हणून त्याच्या शेअर्ड_बफर्सला, म्हणजे त्या स्वतःच्या कॅशला, सुरुवातीला रॅमच्या २५ टक्के द्या असं त्याचंच मार्गदर्शन सांगतं. ८० टक्के दिले तर तीच पानं दोन्हीकडे साठण्याची वेळ येते. मायएसक्यूएल या डेटाबेसचा इनोडीबी (डेटा साठवणारा भाग) उलट वाटेने जातो. त्याला ओ_डायरेक्ट लावलं की डेटा फायलींसाठी तो पेज कॅश टाळतो, आणि मग त्याच्या बफर पूलला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कॅशला, रॅमचा मोठा वाटा देणं योग्य ठरतं. दोघांना एकच सूत्र लावू नका.

कंटेनरमध्ये, म्हणजे ठरावीक मेमरी देऊन वेगळ्या चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये, मर्यादेच्या हिशेबात पेज कॅशही धरली जाते. लॉग लिहीत बसलेला कंटेनर म्हणून ‘९५ टक्के भरला’ दिसू शकतो. कर्नल मारण्याआधी ती कॅश सोडतं, म्हणून कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस निष्क्रिय फाईल पानं वजा करून ‘वर्किंग सेट’ काढतं. बघायचा आकडा तो.

विंडोज, मॅक आणि फोन

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कॅश्ड’ दिसतं. रिसोर्स मॉनिटर उघडला तर जास्त स्पष्ट पट्टी मिळते: हिरवा भाग वापरातला, नारिंगी म्हणजे मॉडिफाइड, लिनक्सच्या डर्टीसारखाच लिहायचा राहिलेला, गडद निळा स्टँडबाय, फिकट निळा पूर्ण मोकळा. स्टँडबाय आणि मोकळा मिळून अव्हेलेबल होतो. मॅकच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘कॅश्ड फाइल्स’ असतं, आणि तिथे आकड्यांपेक्षा मेमरी प्रेशरचा आलेख बघा. तो हिरवा असेपर्यंत काही करायचं नाही.

अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सच आहे. तिथले ‘रॅम बूस्टर’ ॲप मागे ठेवलेली ॲप बंद करून मोकळ्या जागेचा आकडा वाढवून दाखवतात. पुढच्या वेळी तेच ॲप उघडताना ते पहिल्यापासून डिस्कवरून चढवावं लागतं, बॅटरी त्यात जाते. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर असं काही असेल तर आज संध्याकाळी काढून टाका.